खाऱ्या हवेला ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणू नका

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली
तसेच दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचं काम पाहणारे सर्व अधिकारी आणि तज्ज्ञ सदस्य

सन्माननीय महोदय,

अतिरिक्त सचिव भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मे २०२५ मध्ये आपल्या विभागाला जो अहवाल दिला, त्याबद्दल हे पत्र आहे. स्मार्टफोन आणि टॅब्लेट किती सहज दुरुस्त होतात ते पाहून त्यांना पाचपैकी तारे द्यावेत, आणि ते तारे ग्राहकाला पैसे मोजण्याआधी दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या पानावर आणि खोक्यावरच्या क्यूआर कोडमधून दिसावेत, अशी त्यात शिफारस आहे. हाच दुरुस्तीयोग्यता निर्देशांक. त्याआधी, जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक वेगळी समिती नेमली गेली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झालं. तेव्हापासून मी या कामाकडे डोळे लावून बसलो आहे. यंत्र हातात आलं की आत काय आहे ते उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्यामुळे हा अहवाल आला तेव्हा मनापासून आनंद झाला.

अहवालातले निकष सहा. फोन किती टप्प्यांत उघडतो, दुरुस्तीची माहिती मिळते का, सुटे भाग वेळेत मिळतात का, सॉफ्टवेअर अपडेट किती काळ येतात, हत्यारं कोणती लागतात आणि स्क्रू कसले आहेत. सगळे योग्यच आहेत. पण डहाणूपासून रेडीपर्यंत जी माणसं समुद्राच्या काठावर राहतात त्यांचा फोन ज्या कारणाने मरतो, ते कारण या सहांत नाही. ते कारण म्हणजे इथली हवा. आणि त्याहून वाईट म्हणजे या हवेने फोन बिघडला की वॉरंटीच्या कागदावर त्याला ग्राहकाची चूक म्हटलं जातं. मला आपल्याकडे एवढ्याचसाठी दाद मागायची आहे.

मी हर्णैला राहतो, दापोली तालुक्यात. घर बंदराच्या बाजूला, वाऱ्याच्या तोंडावर. घरात आर्द्रता मोजणारे दोन-तीन सेन्सर लावलेत, त्यांची नोंद छोट्या संगणकावर सतत होत असते. कॅमेऱ्याच्या लेन्सना बुरशी धरू नये म्हणून हवाबंद पेटी केली आहे, इन्व्हर्टरला लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी जोडली आहे. जांभ्याच्या जाड भिंतींतून वायफाय पुढे जात नाही म्हणून घरभर राउटरची साखळी केली आहे. नवीन यंत्र बाजारात आलं की त्याचं वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं हा माझा छंद. त्या शेवटच्या ओळींमध्येच हे सगळं दडलेलं असतं, म्हणून ते सांगून ठेवलं.

आधी हवेचं सांगतो, कारण दिल्लीत बसून ती कळणं अवघड आहे.

लाट फुटते तेव्हा तिच्यात असंख्य बुडबुडे तयार होतात. ते फुटताना खाऱ्या पाण्याचे अतिशय बारीक कण हवेत उडतात, पाणी उडून जातं आणि मिठाचा कण वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येतो. खिडकीच्या गजांवर, पंख्याच्या पात्यांवर, माडाच्या झावळ्यांवर, चार्जरच्या पिनांवर तो बसतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला की हा मारा कितीतरी वाढतो. कोरडं मीठ विजेच्या यंत्राला फार त्रास देत नाही. पण साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर याहून बऱ्याच कमी आर्द्रतेला पाणी धरतं. आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच, आणि फोनच्या आत जे होतं तेही तेच. माझ्या घरातला सेन्सर जुलैमध्ये पंखा चालू असलेल्या खोलीतही ८० च्या खाली क्वचित येतो. म्हणजे चार महिने आमच्या प्रत्येक यंत्रावर खाऱ्या पाण्याचा एक अदृश्य ओला थर असतो. यात कुणी काही सांडलेलं नसतं, फोन कुठे बुडालेला नसतो.

आता तो थर चार्जिंगच्या तोंडाशी काय करतो ते बघा. यूएसबी टाइप सीच्या त्या चिंचोळ्या फटीत २४ पिना असतात आणि दोन शेजारच्या पिनांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. केबल लावली की त्यातल्या चार पिनांवर पाच व्होल्ट येतात, जलद चार्जिंग असेल तर नऊ, काही फोनांत त्याहून जास्त. ओल्या मिठाच्या थरातून वीज शेजारच्या पिनेकडे गळू लागते आणि धातू विरघळायला सुरुवात होते. वर सोन्याचा मुलामा असतो, पण तो केबल रोज घालून-काढून झिजलेला असतो. मग निकेल जातं आणि खालचं तांबं उघडं पडतं. भिंग लावून बघितलं तर पिनेच्या टोकावर आधी काळसर ठिपका दिसतो, मग त्याभोवती हिरवट खरपुडी धरते, आणि शेवटी पिनेचं टोकच उरत नाही, प्लास्टिकच्या जिभेवर नुसती खाच राहते. व्होल्टेजच्या पिनेच्या अगदी शेजारी जी पिन असते तीच फोन आणि चार्जर यांच्यातली बोलणी करते. म्हणून पहिलं लक्षण ठरलेलं असतं: जलद चार्जिंग बंद पडतं. लोक चार्जर बदलतात, केबल बदलतात. मग केबल एका बाजूनेच लागू लागते, उलटी केली की चालत नाही. त्यानंतर उशीखाली तिरकी धरून ठेवावी लागते. हे ज्याने बघितलं नाही असं किनाऱ्यावरचं घर शोधावं लागेल.

आमच्याकडचे दुरुस्तीवाले याला 'कार्बन धरला' म्हणतात. पावसाळ्यात दापोलीच्या कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर जाऊन उभे राहा, सगळ्यात जास्त येतं ते हेच काम. मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, भिंग, आणि त्याने नाहीच भागलं तर नवीन चार्जिंग बोर्ड.

आईच्या फोनचं असंच झालं. वॉरंटी चालू होती म्हणून तो आम्ही त्या कंपनीच्या अधिकृत केंद्रात नेला. तिथे सिमच्या खाचेतली ओलावा दाखवणारी पट्टी गुलाबी झालेली दिसली, चार्जिंगच्या तोंडाशी हिरवा ठिपका दिसला, दोन्हींचे फोटो काढले गेले आणि कागदावर शेरा आला: द्रवामुळे नुकसान, वॉरंटी लागू नाही. त्याखाली मुख्य बोर्ड बदलण्याचा खर्च होता, जवळजवळ फोनच्या किमतीइतका. आई सांगत राहिली की फोन पाण्यात पडलेला नाही, भिजलेला नाही. ती खरं बोलत होती. ती फोन रुमालात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवते. समोरचा मुलगाही सभ्य होता. त्याच्या पडद्यावर जे पर्याय होते त्यांत 'हवा' असा पर्यायच नव्हता. पुढे दापोलीतल्या दुरुस्तीवाल्याने काहीशे रुपयांत चार्जिंगचा छोटा बोर्ड बदलून दिला आणि तो फोन अजून चालू आहे. मुख्य बोर्डाला काही झालेलंच नव्हतं.

या पट्टीबद्दल कंपन्यांचं म्हणणं मी वाचलं आहे. यंत्रासाठी ठरवून दिलेल्या आर्द्रतेत ती रंग बदलत नाही, असं ते सांगतात. ठरवून दिलेली आर्द्रता बहुतेक ठिकाणी ५ ते ९५ टक्के असते, पण त्याला एक अट जोडलेली असते: दव धरता कामा नये. ही अट कोकणात पाळता येत नाही, आणि का येत नाही ते साध्या आकड्यांत सांगता येतं. बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, जो आमच्याकडे श्रावणातला नेहमीचा दिवस आहे, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन धरतं तो अंश, २६ च्या आसपास येतो. बँकेत किंवा एसीच्या गाडीत तासभर बसलेला फोन २३-२४ अंशांवर आलेला असतो. दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा धुरकटतात. चष्म्यावर जे धरतं ते चार्जिंगच्या पिनांवरही धरतं. पेन्शन काढायला बँकेत गेलेल्या म्हाताऱ्या माणसाने वॉरंटीची अट दारातच मोडलेली असते, आणि त्याला ते कळायला काही मार्ग नसतो.

जाहिरातीत दिसणाऱ्या आयपी६८ या आकड्याबद्दलही थोडं सांगायला हवं. यातला सहा धुळीचा आणि आठ पाण्यात बुडवण्याचा. ही चाचणी गोड्या पाण्यात, नव्या कोऱ्या फोनवर, प्रयोगशाळेत होते. मिठाबद्दल हा आकडा एक अक्षरही सांगत नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत आणि त्या नव्या नाहीत. एएसटीएम या मानक संस्थेच्या बी११७ पद्धतीत ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं ३५ अंशांना तासन्‌तास फवारतात. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या ६००६८ मालिकेत मिठाचं धुकं आणि दमट हवा आलटून-पालटून देण्याची चाचणी आहे. सौर पॅनेलसाठी आयईसी ६१७०१ म्हणून खास खाऱ्या हवेचं मानक आहे. छपरावर पॅनेल बसवताना तो दाखला विक्रेत्याकडे मागता येतो, मी मागितला होता आणि मिळाला. एसीच्या बाहेरच्या युनिटला किनाऱ्यासाठी निळा लेप दिलेला असतो आणि विक्रेता तो कौतुकाने दाखवतो. छपरावरच्या पॅनेलला आणि भिंतीवरच्या एसीला जे कळतं, ते चोवीस तास अंगावर असणाऱ्या फोनच्या खोक्यावर का लिहिता येऊ नये?

दुसऱ्या देशांत हे प्रकरण कुठवर गेलंय तेही आपल्याला माहीत असेलच. ऑस्ट्रेलियात तिथल्या ग्राहक आयोगाने सॅमसंगच्या स्थानिक कंपनीला न्यायालयात नेलं, कारण जाहिरातींत फोन तरणतलावात आणि समुद्रात वापरताना दाखवले होते. अशा पाण्यात बुडालेला फोन ओला असतानाच चार्जिंगला लावला तर चार्जिंगचं तोंड गंजून बंद पडण्याची बरीच शक्यता आहे, हे कंपनीने मान्य केलं आणि जून २०२२ मध्ये तिला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा आणि ग्राहक प्राधिकरणाने अ‍ॅपलला १ कोटी युरो दंड केला. पाण्यापासून संरक्षणाची जाहिरात करायची आणि पाण्याने बिघडल्यावर वॉरंटी नाकारायची, या दोन गोष्टी एकत्र चालणार नाहीत, असा त्या निर्णयाचा रोख होता.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. ९ जून २०२२ ची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की खालच्या बारीक टीपेने वरच्या मोठ्या दाव्याला खोडून काढता कामा नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'अनुचित करार' ही कल्पना आली, आणि करारातली ग्राहकावर अन्याय करणारी अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगांना मिळाला. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, ही सोयही याच कायद्याने दिली आणि ती फार मोलाची आहे. पण पंधरा हजारांच्या फोनच्या वॉरंटीतली एक अट रद्द करून घेण्यासाठी हर्णैचा माणूस राज्य आयोगापर्यंत जाणार नाही. त्याला दुसऱ्या दिवशी फोन लागतो. तो दापोलीत जाऊन पैसे भरून मोकळा होतो, आणि त्याची तक्रार कुठल्याही आकडेवारीत येत नाही. म्हणूनच हे काम एकेका ग्राहकावर न सोडता विभागाने हाती घ्यावं.

फोन म्हणजे आमच्यासाठी काय आहे, तेही एकदा सांगू द्या. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव किनाऱ्यावरच चालतो. होडीतून पाट्या उतरतात, भाव पुकारला जातो, व्यवहार ठरतो आणि पैसे फोनवरून जातात. खरेदी करणाऱ्या बायकांच्या कमरेला प्लास्टिकच्या पिशवीत फोन असतो. हात बर्फाच्या आणि मासळीच्या पाण्याने ओले. पदराला अंगठा पुसायचा, पिशवीच्या आतूनच पडदा दाबायचा, एकदा नाही लागला तर पुन्हा पुसायचा, आणि मागे लिलाव थांबत नाही. संध्याकाळी तोच फोन घरी चार्जिंगला लागतो. त्याच्या पिनांवर काय साचलं असेल याची कल्पना करा. होडी चालवणाऱ्या तांडेलाच्या फोनवर हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे त्याची आणि समुद्र खवळण्याची सूचना येते. हवामान खात्याचा इशारा येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, टॉवर बंद होते. जिथे एखादा जनरेटर चालू व्हायचा तिथे फोन चार्ज करायला रांग लागायची. त्या रांगेत आपली पाळी आल्यावर ज्याच्या फोनला केबल पकडतच नव्हती, त्याच्यासाठी मुंबईतल्या मुलाला 'आम्ही ठीक आहोत' एवढं कळवायचाही मार्ग उरत नव्हता.

सरकारला समुद्राची हवा माहीत नाही असं मी म्हणणार नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर (समुद्रातल्या होडीशी उपग्रहामार्फत संपर्क ठेवणारी यंत्रं) बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. होडीवर बसवायचं यंत्र खाऱ्या पाण्याला टिकलं पाहिजे हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याच होडीवरच्या खलाशाच्या खिशातला फोन मात्र वातानुकूलित कार्यालयात वापरला जाणार असं धरून विकला जातो.

आणखी एक गोष्ट, जी शहरातून दिसत नाही. कोकणातले बरेच फोन इथे विकत घेतलेले नसतात. ते मुंबईहून येतात. चाकरमानी गणपतीला येतो, नवीन फोन घेतलेला असतो, जुना आईवडिलांना देऊन जातो. प्रेमाने देतो, आणि फोन चांगलाही असतो. पण तोवर त्याची वॉरंटी संपलेली असते, पाणी अडवणारी आतली चिकटपट्टी सैल झालेली असते, एकदा डिस्प्ले बदलताना ती निघालेलीही असते. फोनचं उरलेलं निम्मं आयुष्य सगळ्यात वाईट हवेत जाणार असतं आणि त्या वेळी कंपनीची जबाबदारी संपलेली असते. वर सॉफ्टवेअर अपडेट थांबतात आणि एके दिवशी बँकेचं अ‍ॅप 'हे उपकरण चालणार नाही' म्हणतं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांत मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही ७ वर्षं महत्त्वाचे सुटे भाग द्यायचे आहेत आणि किमान ५ वर्षं अपडेट. तिथे विकले जाणारे कितीतरी फोन आणि आपल्याकडचे फोन एकाच घराण्यातले आहेत. जे तिथे शक्य आहे ते इथेही शक्य आहे.

आता मागणं काय ते सांगतो.

आपल्या समितीने ज्या भागांना प्राधान्य दिलं आहे त्यांत चार्जिंग पोर्ट आहे. हे वाचून मला फार बरं वाटलं. त्याला किनाऱ्याच्या दृष्टीने जास्त वजन द्या. कित्येक स्वस्त फोनांत चार्जिंगचं तोंड एका वेगळ्या छोट्या बोर्डावर असतं; चार-सहा स्क्रू आणि एक पट्टी काढली की तो बोर्ड हातात येतो, पंधरा मिनिटांचं काम. काही फोनांत मात्र तेच तोंड थेट मुख्य बोर्डावर डाग देऊन बसवलेलं असतं आणि ते काढायला हॉट एअर, फ्लक्स आणि स्थिर हात लागतो. जरा चुकलं तर शेजारची चिप जाते. पहिल्याला पूर्ण गुण आणि दुसऱ्याला जवळजवळ शून्य, एवढा फरक असावा. तोंडाभोवती रबराची कड आहे का, बोर्डावर संरक्षक लेप आहे का, यालाही गुण हवेत. या गोष्टींना फार खर्च येत नाही. ग्राहकाला त्या दिसत नाहीत म्हणूनच त्या सगळ्यात आधी वगळल्या जातात.

मिठाच्या धुक्याची चाचणी केली की नाही आणि किती तास फोन टिकला, हे त्याच क्यूआर कोडमध्ये येऊ द्या. चाचणी सक्तीची करायला वेळ लागणार असेल तर लागू दे, पण 'केलेली नाही' असं लिहिणं आजपासून सक्तीचं करता येईल. तेवढ्यानेही दुकानात उभा असलेला माणूस दोन फोनांची तुलना करू शकेल.

वॉरंटीच्या मजकुराकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं अशी विनंती आहे. 'द्रवामुळे नुकसान' या एका शेऱ्याखाली तलावात पडलेला फोन आणि टेबलावर ठेवलेला फोन सारखेच होतात. या दोन्हींतला फरक ओळखता येतो. फोन बुडालेला असेल तर पाण्याच्या खुणा आत बॅटरीखाली, चिपांवरच्या धातूच्या ढालींच्या आत, कॅमेऱ्यापाशी सापडतात. हवेने धरलेला गंज मुख्यतः तोंडांशी असतो: चार्जिंग, स्पीकरची जाळी, सिमची खाच. कुठल्याही जाणत्या दुरुस्तीवाल्याला विचारा, तो फोन उघडून मिनिटभरात सांगेल. म्हणून नुसत्या गुलाबी पट्टीवर वॉरंटी नाकारता येऊ नये. फोन बुडाला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असावी आणि आतले फोटो ग्राहकाला दिले जावेत. आणि बाहेरचं तोंड गंजलं म्हणून डिस्प्ले, कॅमेरा, बॅटरी या सगळ्यांचीच वॉरंटी एका फटक्यात संपावी, हे कुठल्याच न्यायात बसत नाही.

सुटे भाग जिल्ह्यात मिळू द्या. दापोलीच्या दुरुस्तीवाल्याच्या हाताला कसब आहे, त्याच्याकडे नसतो तो अस्सल भाग आणि बोर्डाचा नकाशा. दोन्ही कंपनीकडेच अडवलेले असतात. तो मुंबईच्या बाजारातून जो बोर्ड मागवतो त्यावर मुलामा आहे की नुसता रंग हे त्यालाही कळत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच फोन परत त्याच्या टेबलावर येतो. एका फोनमधला अस्सल भाग दुसऱ्या फोनला लावला तर पडद्यावर 'अनोळखी भाग' म्हणून इशारा येतो, काही वेळा सोयच बंद पडते. या कुलूपबंदीला निर्देशांकात कडक उणे गुण असावेत.

काहीजण म्हणतील, किनाऱ्यावरच्या लोकांनी फोन जपून वापरावा. जपतातच. केबल काढून ठेवतात, रबरी बूच लावतात, कपाटात सिलिका जेल ठेवतात. जपून वापरूनही जे होतं त्याबद्दलच मी लिहितो आहे. कोकणातली हवा आमच्या घरात आहे, आमच्या गाद्यांत आहे, आमच्या श्वासात आहे. ती टाळायची तर गाव सोडावं लागेल. मुंबईही याच किनाऱ्यावर आहे, पणजी आहे, मंगळूर, कोची आहे; पूर्व किनाऱ्यावर चेन्नई, विशाखापट्टणम, पुरी आहे. एवढ्या मोठ्या ग्राहकवर्गाच्या रोजच्या हवेला 'अपवादात्मक परिस्थिती' म्हणता येणार नाही.

समितीची पुढची बैठक ठरत असेल तर ती एकदा जुलैमध्ये हर्णैला घ्यावी. आपण निवडलेले फोन, कुठल्याही किमतीचे, माझ्या घरी ठेवून जावेत. बंदराकडच्या खिडकीपाशी एक फळी मोकळी करतो. रोज चार्जिंगला लावीन, तापमान आणि आर्द्रतेची मिनिटामिनिटाची नोंद आपल्याला देईन, आणि दसऱ्यानंतर आपल्या तज्ज्ञांनी येऊन ते फोन स्वतः उघडावेत. दापोलीतले दोन दुरुस्तीवाले मदतीला यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे. भिंग, ब्रश आणि टेबल इथे आहे. आपल्याकडून फक्त फोन आणि तारीख हवी.

कळावे,
आपला,
किनाऱ्यावरचा एक ग्राहक
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी